खोली बोलली नाई पायजे

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: शांतता पाळा म्हणणाऱ्याचा. समोरच्या घराच्या माडीवरची खिडकी धाडकन उघडायची, कानांवर वाटीएवढाले हेडफोन लावलेलं एक डोकं बाहेर यायचं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायचं, "सायलेंट." भाजीवाला गप्प व्हायचा, स्कूटर बंद व्हायची, आणि तोवर निवांत झोपलेली कुत्री उठून भुंकायला लागायची. मग कुत्र्यांसाठी वेगळं सायलेंट.

गल्लीने त्याचं नाव सायलेंटभाऊ ठेवलं होतं. खरं नाव त्याच्या कचेरीतल्या लोकांना ठाऊक. हो, सरकारी कचेरीत कारकून होता तो, पण ते आपलं पोटापुरतं. जन्म घेतला होता तो घरच्या घरी रेकॉर्डिंगचा स्टुडिओ करण्यासाठी. स्टुडिओ झालाही होता. त्यात रेकॉर्डिंग तेवढं व्हायचं राहिलं होतं.

आता स्टुडिओ म्हणजे काय, तर माडीवर स्वयंपाकघराच्या शेजारची खोली, त्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक माइक आणि पुस्तकं. पुस्तकं म्हणजे किती, तर देवाला त्या घरात कोनाडा उरला नव्हता. देव फ्रिजवर बसले होते. आधी सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी आणायचा, मग घरपोच यायला लागली. सगळी इंग्रजीत, विटेएवढी जाड. घरात रेकॉर्डिंग कसं करावं, भिंतींचं काय करावं, माइक कुठे ठेवावा, आवाज कसा धुवावा, कसा वाळवावा. प्रत्येकाला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर, आणि वर स्वतःच्या अक्षरात मराठी नाव: "खोली". "माइक". "मिक्सिंग, भाग पहिला". "खोली" नावाची चार-पाच होती. "गाणं" नावाचं एकही नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाला, "काकू, ते शेवटी येते."

त्याचं एक ब्रह्मवाक्य होतं: "आधी खोली, मग माइक, मग माणूस." आणि दुसरं, "खोली बोलली नाई पायजे." म्हणजे आपण बोललो की भिंतीवरून जो आवाज परत फिरतो, तो माइकमध्ये जाता कामा नये. पुस्तकात अशा खोलीला मेलेली खोली म्हणतात म्हणे. हे त्याने आपल्या बायकोला सणासुदीच्या दिवशी सांगितलं. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "ऐन सणाले घरात मेलं-बिलं म्हणू नका. मारायचीच असन तं अमावास्येले मारा."

पण त्याने खोली मारलीच. घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या बांधल्या. मग पिंजाऱ्याकडून आणखी भरून आणल्या. बायको लोकांची ब्लाउजं शिवायची, तिच्याकडून त्यांना खोळी शिवून घेतल्या, आणि खोळी शिवताना मशीनचा आवाज होतो म्हणून तिच्यावरच ओरडला. ती म्हणाली, "भिंतीले गाद्या अन् पाहुण्याले चटई. कोणाच्या घरी असं असते का, काकू, तुम्हीच सांगा." आमच्या घरी पाहुणे गादीवर झोपत आणि भिंती उभ्याच असत.

पुस्तकाशी माझं वैर नाही, बरं का. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं मी मिळेल ते वाचून शिकले. भेळेच्या पुडीचा कागदही मी सरळ करून वाचलेला आहे. पण पुस्तकात बुडी मारली की माणसाने श्वास घ्यायला तरी वर यावं. हा येत नव्हता.

एकदा गल्लीभर सांगत सुटला की उद्या मिक्सर येऊन राहिला, मोठा, आठ चॅनलचा. माझा मिक्सर नेमका तेव्हाच जळला होता. मी मनात म्हटलं, आठ चॅनल म्हणजे आठ भांडी असतील. वड्यांची डाळ भिजवून, पातेलं घेऊन मी सकाळीच त्याच्या दारात. तो ती बटणांची पेटी मांडीवर घेऊन, बारशाच्या पोराकडे पाहावं तसा तिच्याकडे पाहत बसला होता. माझ्या पातेल्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "काकू, याच्यात फक्त आवाज मिसळते." मी म्हटलं, "मंग मिसळ न बाप्पा, मी पाहते." म्हणाला, "अजून खोली तयार नाई."

खोली कधीच तयार नसायची. उन्हाळ्यात नागपुरात कूलर लावला तर रेकॉर्डिंग होत नाही, आणि नाही लावला तर गाणारा शुद्धीवर राहत नाही. पावसाळ्यात शेजारच्या टिनांवर पाणी वाजायचं. हिवाळ्यात वराती. मधल्या दिवसांत कुणाचं तरी बोअर खोदणं चालायचं. थोडक्यात, पुस्तकांत लिहिलेली शांतता महालात बाराही महिने मिळत नव्हती, आणि तो तिची वाट पाहत पुस्तकं घेत होता.

हे वेड लागलं कुठून, ते त्याच्या बायकोने एकदा सांगितलं. त्याचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. गोड हात होता म्हणे. ते गेल्यावर घरात त्यांची एकच कॅसेट सापडली. कुणीतरी उन्हाळ्यात टेबलफॅनशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. कॅसेटभर पंखा वाजतो, आणि पंख्याच्या मागे, पार लांब, वडील. याने ती एकदा ऐकली आणि ट्रंकेत ठेवून दिली. तेव्हापासून त्याने त्या पंख्यावर दात धरला होता. पंखा केव्हाच भंगारात गेला, दात तसाच.

मला हे कळल्यापासून मी त्याला कमी हसायला लागले. म्हणजे समोर कमी.

असो. खरी गोष्ट माईची आहे.

माई म्हणजे माझी थोरली नणंद, खाप्याला दिलेली. घरात हातमाग होते तोवर मागावर बसली, आता सुना नोकरी करतात आणि ही नातवंडांवर हुकूम चालवते. पण भुलाबाई बसली की आमच्या अख्ख्या गोतात माईसारखं गाणं म्हणणारी नव्हती. आश्विनात ज्वारीच्या ताटांचा मखर करून मातीची भुलाबाई मांडायची, बायका-पोरींनी भोवती बसून गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. माईला म्हणे शंभरावर गाणी यायची. मोजायला कोण बसलंय, पण एकदा म्हटलेलं गाणं तिने महिन्यात परत म्हटलेलं मी ऐकलं नाही. आवाज असा, की हातात खुळखुळा घेऊन धिंगाणा घालणारं पोरही जागच्या जागी बसायचं.

त्या वर्षी माईच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला दाखवायला आणलं. डॉक्टर म्हणाले, गाठ वाईट नाही, पण काढावी लागेल, आणि आवाजाची नस तिथूनच जाते. आवाज बदलू शकतो. कोजागिरी झाली की दवाखान्यात भरती व्हा.

माई तिथून माझ्या घरी आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "आवाज जायचा असन तं जाऊ दे. पण जायच्या आधी कुठं तरी ठेवून द्या वं तो. भुलाबाईची तरी गाणी ठेवा."

मी मोबाइल काढला. म्हटलं, म्हण. पण माझं नशीब असं की सायलेंटभाऊ त्याच वेळी दारात उभा. त्याने मोबाइलकडे असं पाहिलं, जसं मी माईला दगडाच्या पाट्यावर ऑपरेशन करायला निजवलंय. "काकू, काय करून राहिल्या तुम्ही? माईचा आवाज मोबाइलमध्ये? पंखा चालू हाये, ते कपाट झनझनून राहिलं, बाहेर पोरं. माई, माह्याकडे या. माह्यावर सोडा."

आता माई तरी काय कमी. तिला ते बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या आवाजासाठी गाद्या बांधून बसलेलं होतं. मला म्हणाली, "ठेव तुहा डबडा. भाऊ पुस्तक वाचून करते म्हणते."

मग भाऊ पुस्तक वाचायला बसला. रोज संध्याकाळी माई विचारायची, "झाली का गा खोली?" आणि तो म्हणायचा, "जराशी बाकी हाये, माई." खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला घोंगडी लावली. छताला बायकोच्या दोन चादरी गेल्या. दसरा झाला. कोजागिरी आली. मी त्याला म्हटलं, "अरे बाप्पा, गाठ तुह्या खोलीसाठी थांबणार नाई." तो खजील झाला, पण म्हणाला, "घाईत केलं तं पंख्यावानी होईन, काकू."

शेवटी कोजागिरीच्या दुपारी, म्हणजे भरती व्हायच्या अगदी आदल्या दिवशी, त्याने माईला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याची गाडी, त्यामुळे जे काय व्हायचं ते त्याच दुपारी. दाराशी मी आणि त्याची बायको. आत माई गाद्यांच्या विहिरीत, समोर लुगड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, कारण कपड्यांत आवाज मुरतो असं कुठल्याशा पुस्तकात होतं. पंखा बंद, आश्विनातलं ऊन, माईच्या कपाळावरून धारा.

"म्हणा, माई."

"कोणापाशी म्हणू?"

"कपाटापाशी."

माईने लुगड्यांकडे पाहिलं. एक ओळ म्हटली. थांबली. "अन् झेलन कोण?"

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. भुलाबाईचं गाणं एकटीने म्हणायचं नसतं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. झेलणाऱ्या जितक्या नाठाळ तितकी टाकणारी रंगात येते.

भाऊने समजावलं, "पुस्तकात असं हाये, माई, की एका वेळी एकच आवाज. तुमचा आधी घेतो. काकूंचा उद्या-परवा घेतो. मंग मी कॉम्प्युटरवर जोडतो."

"म्हणजे मी आज टाकू अन् हे परवा झेलन?"

"हाव."

माई सालस बाई. तिने प्रयत्न केला. पण टाकलेली ओळ गाद्यांत पडायची आणि परतच यायची नाही. तीन गाण्यांच्या तीन ओळी अशाच गेल्या. मग हळूच म्हणाली, "माहा आवाज आत्ताच गेला का गा? मलेच ऐकू येऊन नाई राहिला." आणि लुगड्याच्या पदराने तोंड पुसू लागली. नुसता घाम नव्हता तो.

खोली मात्र अगदी छान मेलेली होती.

त्याच्या बायकोने घोंगडी बाजूला केली, भरतारापुढून आत गेली आणि माईला हाताला धरून उठवलं. "चला माई, चूल पेटली हाये. सणाचा दिवस, खिरापत तं ओळखा." भाऊ म्हणाला, "हाव, थोडा ब्रेक घेऊ," आणि गळ्यात हेडफोन अडकवून आमच्या मागे स्वयंपाकघरात आला. कुकर चढवलेला होता. बायकोने फडताळातून पितळेचा डबा काढला, कानाशी नेऊन वाजवला, माईच्या कानाशी वाजवला.

"कोरडं हाये," माई म्हणाली. "गोल हाये. शेंगदाणे?"

"नाई."

"डबा तिरपा कर. हे कुठं तरी चिकटून राहिलं. गूळ हाये याच्यात."

"गूळ कशात नसते, माई. नीट ओळखा."

"फुटाणे, गूळ लावलेले."

"हरल्या," बायको म्हणाली, आणि झाकण मुद्दामच उघडेना. माई हसायला लागली. हरलेल्या बाईने गाणं म्हणायचं अशी आमच्याकडे रीत नाही, पण भाऊच्या बायकोने ती तिथल्या तिथे काढली. माईने ओट्याला टेकून ओळ टाकली. आम्ही दोघींनी झेलली. मी बेसुरी आहे, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, पण झेलायला सूर लागत नाही, दम लागतो. माईने दुसरी टाकली, तिसरी टाकली. कुकरची शिट्टी झाली तर ती म्हणाली, "हा पण झेलून राहिला वं," आणि पुढे गेली. एकामागून एक गाणी. सासरची, माहेरची, वेड्या नवऱ्याची. ते म्हणताना तिने भाऊकडे बोट केलं. तो दाराशी उभा राहून हसत होता, आणि हसता हसता एकदम पांढरा पडला. उलट पावली स्टुडिओत धावला.

थोड्या वेळाने मी गेले तर डोकं धरून बसलेला. माइक चालूच राहिला होता. दार उघडं होतं. आमचा सगळा गोंधळ त्यात भरला गेला होता.

"खोली बोलली, काकू," तो म्हणाला. "नुसती खोली नाई. सगळं घर बोललं."

माईला बाहेरून एवढंच कळलं की आवाज ठेवला गेला. त्या समाधानात दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. गाठ निघाली. आवाजही तिच्याबरोबर बराचसा निघाला. उरला तो घोगरा, मधूनच तुटणारा, सायकलच्या सुकलेल्या चेनसारखा. खाप्याला परत जाताना तिने त्याच्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. तो म्हणाला, "पाठवतो माई. थोडं मिक्सिंग बाकी हाये."

ते थोडं मिक्सिंग वर्षभर चाललं. आवाजातून आवाज काढून कसा टाकायचा, यावरची पुस्तकं यायला लागली. कुकरची एक शिट्टी काढायला त्याला पंधरवडा लागला, असं बायको सांगायची. खाप्याहून फोन यायचा, माई त्या तुटक्या आवाजात विचारायची, "भाऊ काय म्हणते?" मी म्हणायची, "भाऊ धुऊन राहिला." ती म्हणायची, "किती मळला होता वं माहा आवाज." हसत म्हणायची. पण मला ते लागायचं. ती बाई स्वतःच्याच आवाजाची वाट पाहत बसली होती, आणि हा खाकी कव्हरं घालत होता.

पुढच्या भुलाबाईला माई न कळवता येऊन थडकली. माझ्याकडे पिशवी टेकवली आणि सरळ समोरच्या माडीवर. मी मागे.

"लाव गा," ती म्हणाली.

त्याने लावलं. खरं सांगते, काम त्याने केलं होतं. शिट्टी नाही, डबा नाही, हसणं नाही. मी नाही. मला त्याने कुकरबरोबरच काढून टाकलं होतं, एका रांगेत. स्वच्छ, एकट्या बाईचा आवाज, काचेच्या बरणीत ठेवलेला. ओळ टाकायची, मग शांतता, मग पुढची ओळ, मग शांतता.

माईने तीन-चार ओळी ऐकल्या. मान वाकडी करून विचारलं, "ही बाई कोण होय गा?"

"माई, तुम्हीच."

"मी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "मी अशी म्हणते? मयतीले आल्यावानी?"

वर्षभराची मेहनत त्याच्या तोंडावर दिसत होती, आणि माईचा आवाज दुसऱ्यांदा गेलेला तिच्या तोंडावर. मी कुणाकडे पाहू ते मला कळेना.

त्याची बायको मशीनवरून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "असली लावा न. की तीही धुतली?"

असली त्याने ठेवली होती. मूळ प्रत कधी पुसू नये, असं कुठल्याशा पुस्तकात होतं म्हणून. सगळ्या पुस्तकांनी मिळून एक कामाची गोष्ट सांगितली ती ही. त्याने ती शोधली आणि, पायाखालचं काही बघायला नको म्हणून माणूस वर बघतो तसा छताकडे पाहत, लावली.

आधी डबा वाजला. मग लांबून, दोन दारांपलीकडून, "कोरडं हाये. गोल हाये." माई सावरून बसली. मग बायकोचं ते "हरल्या", माझं खिदळणं, आणि माईने ओट्याला टेकून टाकलेली पहिली ओळ. आम्ही दोघींनी झेलली, आतमध्ये. आणि इथे, या गाद्यांच्या खोलीत, माईनेही झेलली. त्या घोगऱ्या, तुटक्या आवाजात. दुसऱ्या ओळीला मीही. तिसऱ्या ओळीला मशीन थांबलं आणि त्याची बायकोही आली. गेल्या वर्षीची माई टाकत होती, या वर्षीची झेलत होती. शिट्टी झाली तेव्हा दोन्ही माई एकदमच म्हणाल्या, "हा पण झेलून राहिला वं."

खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर फटफटत होती. खिडकी सताड उघडी. मी त्याच्याकडे पाहिलं. हेडफोन गळ्यात होते, तोंड उघडं होतं, पण सायलेंट काही बाहेर आलं नाही.

माई जाताना ती असली घेऊन गेली, शिट्टीसकट.

आता मीही महाल सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. इथे इतकी शांतता आहे की त्याचा स्टुडिओ इथे फुकटात झाला असता. परवा त्याचा फोन आला. नवीन पुस्तक आलं म्हणे. म्हटलं, आता काय लिहिलंय? तर म्हणाला, "काकू, याच्यात लिहिलं हाये, की खोली थोडीशी बोलू द्यावी. नाई तं आवाज माणसाचा वाटत नाई."

मी म्हटलं, "छापलंय का तसं?"

"हाव, छापलं हाये."

"मंग खरंच असन बाप्पा."

तो हसला नाही. मग म्हणाला, "काल बाबांची कॅसेट काढली होती, काकू. पूर्ण ऐकली."

मला वाटलं, आता कॅसेट धुवायची पुस्तकं मागवली असतील. जपूनच विचारलं, "अन् पंखा?"

"पंखा सुरात हाये," तो म्हणाला.